पाड्यावरची लोकलेखा समिती: एका दाखल्याची कुळकथा

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या आदिवासी भागात ग्रामसभेच्या इतिवृत्ताचा साचा ठरलेला असतो: विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर', खाली सह्या आणि अंगठे. त्यातला एक विषय असतो निधीच्या विनियोगाच्या दाखल्याचा. ग्रामपंचायतीने योजनेचा पैसा खर्च केला, तो ठरल्या कामावरच झाला असे ग्रामसभेने लिहून द्यायचे. घाईघाईत उरकल्या जाणाऱ्या या विषयाचे कूळ मोठे आहे.

सरकारला पैसा मंजूर करून देणे हा विधिमंडळाचा जुना हक्क. पण दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले, हे विचारायची पक्की सोय बरीच उशिरा झाली. ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना 1861 मध्ये ब्रिटिश संसदेने लोकलेखा समिती नेमली. दिल्लीत ती 1921 मध्ये आली, पण तिचे अध्यक्षपद सरकारच्याच अर्थ सदस्याकडे! खर्च करणारा आणि जाब विचारणारा एकच. ही गाठ 1950 मध्ये सुटली आणि 1967 पासून लोकसभेत हे पद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला.

डहाणूचा रस्ता मात्र वेगळा. डहाणू आणि उंबरगाव हे 1936 मध्ये 'अंशतः वगळलेले' प्रदेश ठरले. विधिमंडळाने केलेला कायदा इथे लागू व्हायचा तो गव्हर्नरने म्हटले तरच. म्हणजे ज्याला लगाम घालायचा त्याच्याच हाती लगाम. त्या काळात इथला वारली वेठीला राबत होता. 1945 मध्ये झरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली, ती कुठल्या सभागृहाच्या जोरावर नव्हे, कम्युनिस्ट नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर लाल बावट्याखाली एकत्र येऊन.

राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत डहाणूसारखे आदिवासी भाग 'अनुसूचित क्षेत्रे' झाले, पण राज्यपालांचा तो अधिकार तिनेही बराचसा कायम ठेवला. जोडीला आदिवासी सल्लागार परिषद आली. तिच्यात बहुसंख्य आदिवासी आमदार, पण महाराष्ट्रात अध्यक्ष मुख्यमंत्रीच. पुढे 73व्या घटनादुरुस्तीने देशभर पंचायतराज आणले आणि अनुसूचित क्षेत्रे पुन्हा बाजूला ठेवली. दिलीपसिंह भुरिया समितीच्या अहवालानंतर डिसेंबर 1996 मध्ये संसदेने अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायत विस्तार कायदा, म्हणजे 'पेसा', केला. एखादा पाडाही 'गाव' ठरू शकतो हे त्याने मानले आणि विनियोगाचा दाखला ग्रामसभेच्या हाती दिला. महाराष्ट्राचे पेसा नियम 2014 मध्ये आले. आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी 2015 पासून थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला, तेव्हा या दाखल्याला खरे वजन आले.

पेसाने दिलेल्या हक्कांची हद्दही ओळखून असावे. भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी, असे पेसा सांगतो. नकार दिल्यास प्रकल्प थांबेलच, असे सांगत नाही. बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदराच्या विरोधात इथे ठराव झाले, तरी दोन्ही प्रकल्प पुढे सरकले.

पंचायतीच्या खर्चापुरता मात्र दाखल्याचा हक्क भक्कम आहे. लोकलेखा समितीला महालेखापरीक्षकांच्या अहवालाची वाट पाहावी लागते, तोवर वर्षे उलटतात. पाड्यावर ज्या बाईला बोअरवेलवर हंडा भरायचा आहे, तिला पंप चालतो की नाही हे त्याच दिवशी कळते. ठरावाआधी मोजमाप पुस्तिका आणि बिले सभेत मोठ्याने वाचायला लावणे, एवढे तिने आणि शेजारणींनी लावून धरले, तर दाखला आपोआप मिळणार नाही, तो पंचायतीला कमवावा लागेल.