कृष्णवर्णीय साहित्य आणि मिलिंद महाविद्यालय

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाशी व साहित्याशी महाराष्ट्रातील दलित लेखकांचा जो परिचय झाला, त्याचे एक प्रमुख केंद्र म्हणजे औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९५० मध्ये सुरू केले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले प्राचार्य म. ना. वानखडे यांनी १९६० नंतरच्या दशकात तेथील विद्यार्थ्यांना व नवोदित लेखकांना या साहित्याकडे वळविले. पुढे जनार्दन वाघमारे यांनी या विषयावर मराठीत ग्रंथलेखन केले. मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून (स्थापना १९६६) घेतले.

यावरून दलित साहित्य हे परकीयांचे अनुकरण होय, असा आक्षेप घेण्यात आला. तथापि तो टिकणारा नाही. या संबंधाची मुळे बरीच जुनी आहेत. महात्मा जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. शिवाय दोन्ही समाजांचे दुःख सारखे असले, तरी एकच नव्हे. वर्ण त्वचेवर दिसतो. जात नाव, वस्ती व व्यवसाय यांवरून ओळखली जाते आणि तिला धर्माचा आधार दिला गेला. त्यामुळे दलित लेखकांनी तिकडून अनुभव उसना घेतला नाही. आपले उपेक्षित जीवन हाही साहित्याचा विषय आहे, हा आत्मविश्वास घेतला.