हृदयताल-अब्लेशन : नंतरची सुधारणा आणि यशाची पारख (डहाणू, तलासरी)

जांघेतील शिरेतून कॅथेटर हृदयापर्यंत नेऊन, ताल बिघडवणारा ऊतीचा बारीकसा भाग उष्णतेने किंवा गोठवून निकामी करणे म्हणजे अब्लेशन. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या रुग्णांना त्यासाठी बहुधा मुंबई गाठावी लागते. डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, तलासरी तर मुंबई–अहमदाबाद महामार्गावरच आहे. त्यामुळे जाणे जमते. खरी कसोटी नंतरच्या महिन्यांची, कारण ते गावीच काढायचे असतात.

यशाचा अर्थ आजारागणिक वेगळा. हृदयातील जादा विद्युत्‌वाटेमुळे अचानक सुरू होणारी आणि अचानक थांबणारी धडधड (एसव्हीटी) सुमारे ९५ टक्के रुग्णांत एकाच अब्लेशनने सुटते. एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीचे, तसे नाही. त्याची ठिणगी बहुतेकदा फुप्फुस-शिरांत पडते, हे बोर्दो येथील मिशेल हाइसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. अधूनमधून येणाऱ्या फिब्रिलेशनमध्ये वर्षअखेर साधारण ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त असतात. सतत टिकून राहिलेल्या फिब्रिलेशनमध्ये त्याहून कमी. काहींना दुसऱ्यांदा अब्लेशन करावे लागते.

पहिला आठवडा-दहा दिवस जांघेला जपावे. चिकूचे क्रेट, पाण्याचे हंडे, ओढायची जाळी, आवणीचे वाकणे टाळावे. जांघेवर काळेनिळे पडणे, थकवा, खोल श्वास घेताना काही दिवस छातीत दुखणे हे अपेक्षित असते. जांघेतली सूज वाढत गेली किंवा रक्त येऊ लागले, तर जागा दाबून धरून रुग्णालय गाठावे. फिब्रिलेशनच्या अब्लेशननंतर नाडी काही महिने पूर्वीपेक्षा थोडी जलद राहू शकते.

सुरुवातीच्या आठवड्यांत ऊती सुजलेल्या असतात, म्हणून या काळातली धडधड अपयश धरत नाहीत. ही मुदत पूर्वी तीन महिने मानत. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने ती आठ आठवडे केली. त्यानंतर ३० सेकंद टिकलेला बिघाड नोंदला गेला, तर संशोधनात त्याला पुनरावृत्ती म्हणतात. संशोधनाला हे माप ठीक. पण आधी दर आठवड्याला दवाखाना गाठणाऱ्याला अब्लेशननंतर सहा महिन्यांत एकच झटका आला असेल, तर त्याचे अब्लेशन फसले म्हणणे अन्यायाचे आहे. नुसत्या जाणिवेवरही विसंबता येत नाही. फिब्रिलेशन कधी कळतच नाही, आणि प्रत्येक धडधड फिब्रिलेशन नसते. म्हणून धडधड चालू असतानाच डहाणू, कासा किंवा तलासरीच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढून घेणे हाच या भागातला सर्वांत मोलाचा पुरावा होय. ईसीजीचा कागद काळाने पुसट होतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

रक्त पातळ करणारी गोळी फिब्रिलेशनच्या अब्लेशननंतर किमान दोन महिने घ्यावीच लागते. पुढे ती चालू ठेवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून ठरते, अब्लेशनच्या यशावरून नव्हे. बरे वाटते म्हणून स्वतःहून ती थांबवण्याइतकी घातक चूक दुसरी नाही. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्यांना वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम लागते. तेथे नव्या गोळीपेक्षा जुनी सरस, हे २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिसले. या जुन्या गोळ्यांचा असर हिरव्या पाल्याने कमी होतो. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्या रोजच्या जेवणात येतात, तेव्हा त्या सोडू नयेत. पण आहार बदलल्याचे डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त किती पातळ आहे, ते सांगणारी चाचणी) तपासावा. दुखण्यावर मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. कमरेत इंजेक्शन देणाऱ्याला रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे आधी सांगावे.

एक धोका विरळा, पण जीवघेणा आहे. फिब्रिलेशनचे अब्लेशन डाव्या अलिंदात (हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात) होते आणि त्यामागेच अन्ननलिका असते. तिला इजा झाल्यास साधारण एक ते आठ आठवड्यांत ताप, गिळताना वेदना, छातीत दुखणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसतात. या पट्ट्यात पावसाळी तापाला आधी मलेरियाच समजले जाते, तिथेच वेळ जातो. अशा रुग्णाची एन्डोस्कोपी करायची नसते; तातडीने छातीचा सीटी स्कॅन लागतो. म्हणून या दोन महिन्यांत ताप आला, तर कोणत्याही दवाखान्यात पहिल्यांदा डिस्चार्ज कार्ड दाखवावे आणि अब्लेशन झाल्याचे सांगावे; गिळताना दुखत असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर १०८ ला फोन करावा.