'लिब' दप्तराचें स्थलांतर

संगणकाच्या इतिहासांत मोठमोठ्या शोधांचीं वर्णनें पुष्कळ आढळतात; परंतु एखाद्या क्षुल्लक चुकीनें जी व्यवस्था उघडी पडते तिच्याकडे इतिहासकाराचें लक्ष सहसा जात नाहीं. चूक अशी, कीं आवराआवरीच्या भरांत कोणी तरी 'लिब' नांवाचें दप्तर उचलून दुसरीकडे ठेवितो. ('फोल्डर'ला मी दप्तर म्हणतों, पेशवे दप्तरांतील कापडी रुमाल हा त्याहूनही जवळचा शब्द, पण तो आतां कितीजणांस समजेल?) क्षणार्धांत यंत्रावरील जवळजवळ प्रत्येक आज्ञेस 'सांपडत नाहीं' असें उत्तर मिळूं लागतें. नवल हें, कीं आज्ञा आपल्या जागींच असते, दप्तरांतील एक अक्षरही पुसलेलें नसतें, आणि तरीही ज्यांत वर्षानुवर्षांचें लेखन व हिशेब सांठविलेले आहेत तें यंत्र मुकें होऊन बसतें.

याचें मूळ बरेंच मागें आहे. दप्तरांत दप्तर ठेवण्याची, वृक्षाच्या शाखांसारखी रचना डेली व न्यूमन यांनीं मल्टिक्स या प्रणालीसाठीं १९६५ सालीं मांडली. बेल प्रयोगशाळेनें १९६९ मध्यें मल्टिक्समधून अंग काढून घेतलें, व त्याच वर्षीं केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं लहानशा पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सचा आरंभ केला. युनिक्सनें नांव आणि वस्तु यांची फारकत केली. तबकडीवरील प्रत्येक लेखास एक अंक असतो; दप्तर म्हणजे केवळ नांवें व अंक यांची यादी. म्हणून एकाच तबकडीवर दप्तर हलविणें म्हणजे यादींतील नोंद बदलणें, मग आंत मजकूर कितीही असो. सोय इतकी स्वस्त झाली, कीं अपघातही तितकाच स्वस्त झाला.

तथापि आरंभींच्या युनिक्सला हा अपघात आजच्याइतका भोंवला नसता. त्या काळीं प्रत्येक कार्यक्रम आपली शिदोरी आपल्याबरोबर घेऊन चाले. पुढें काटकसरीसाठीं सामाईक ग्रंथालयें निघालीं. सन कंपनीच्या सनओएस ४.० मध्यें तीं १९८८ सालीं आलीं, व लिनक्सनेंही तीच वाट धरिली. आतां कार्यक्रमाच्या पोटांत एका जोडणाऱ्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, आणि कार्यक्रम सुरू करतांना प्रणाली प्रथम त्या पत्त्यावर जाते. 'सांपडत नाहीं' हें उत्तर त्या जोडणाऱ्याविषयीं असतें, आज्ञेविषयीं नव्हे.

येथें घाबरून यंत्र बंद करणारा मनुष्य सोपा मार्ग गमावून बसतो. जे कार्यक्रम आधींच चालू आहेत त्यांना नांवाशीं कर्तव्य नसतें. त्यांची पकड खुद्द वस्तूवर असते. आज्ञा वाचणारा 'शेल' जिवंत असतो, व 'सीडी', 'एको' या त्याच्या घरच्या आज्ञा चालतात. एकोपुढें तारकाचिन्ह दिलें, कीं दप्तरांतील नांवांची यादी हातीं येते. मग हरवलेल्या जोडणाऱ्यास त्याच्या नव्या पत्त्यावरच हांक मारावयाची, ग्रंथालयें कोठें गेलीं तें त्यास सांगावयाचें, आणि त्याच्याच हातून 'एमव्ही' ही हलविण्याची आज्ञा चालवावयाची. ज्या आज्ञेनें घात केला तीच दप्तर परत आणते! मात्र शेलजवळ मूळ अधिकार शिल्लक असला पाहिजे. नाहीं तर बाहेरील तबकडीवरून यंत्र सुरू करण्यावांचून गत्यंतर नाहीं.

ॲपलच्या मॅकिंटॉशनें १९८५ च्या तबकडीव्यवस्थेंत निराळी तोड काढली. प्रणालीचें दप्तर कोणतें, हें तेथें नांवानें न लिहितां अंकानें लिहीत. त्यामुळें त्याच तबकडीवर तें कोठेंही नेलें तरी यंत्र त्यास शोधून काढी. मला ही रचना अधिक सुजाण वाटते. अंगठा धरून शिकवावें लागणाऱ्या मनुष्याच्या हातीं यंत्र जाणार, याची जाणीव तींत आहे. युनिक्सचे कर्ते स्वतःसाठींच प्रणाली रचीत होते.

युनिक्सच्या वारसदारांनीं पुढें हेंच दप्तर जाणूनबुजून हलविलें. २०१२ मधील फेडोरा १७ मध्यें 'लिब' व 'बिन' हीं दप्तरें 'यूएसआर'च्या आंत गेलीं. जुन्या पत्त्यांवर नव्या जागेचीं निर्देशचिन्हें ठेवावीं लागलीं, कारण ते पत्ते असंख्य कार्यक्रमांच्या पोटांत कोरलेले होते. आणि जुन्या यंत्रांवर तें स्थलांतर करावयाचें, तें मुख्य प्रणाली जागी होण्यापूर्वीं, आरंभींच्या एका तात्पुरत्या प्रणालीकडून उरकून घेण्यांत आलें.