परिरक्षके, घरगुती त्वचाप्रसाधनांतील
घरी केलेली मलमे, लेप, क्रीम यांत जिवाणू, यीस्ट व बुरशी वाढू नये म्हणून अल्प प्रमाणात मिसळलेली द्रव्ये. ती लागतात की नाही, हे मुख्यतः पाण्यावर ठरते. उदाहरणार्थ, पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत वारली कुटुंबे मोहाच्या बियांचे तेल अंगाला लावतात. थंडीत ते थिजते. त्यात पाण्याचा अंश नसेल तर सूक्ष्मजीव वाढत नाहीत; हवेने मात्र ते खवट होते. ई जीवनसत्त्व हा खवटपणा लांबवते, बुरशी रोखत नाही. ही दोन कामे एकच समजणे, ही नेहमीची गफलत. त्याच तेलात कोरफडीचा किंवा घोलवडच्या चिकूचा गर घोटला, की परिरक्षकाची गरज पडते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत असे मिश्रण काही दिवसांत बिघडते. बरणीत ओले बोट गेले तर आणखी लवकर. सोडियम बेंझोएट हे परिरक्षक आम्लधर्मी मिश्रणातच, साधारणपणे ५ पेक्षा कमी पीएचला, परिणामकारक ठरते. फिनॉक्सिएथॅनॉलला पीएचचे बंधन कमी. ते १ टक्क्यापर्यंत वापरतात. नुसत्या हळद-कडुनिंबावर भागत नाही. परिरक्षक नकोच असेल, तर लेप ताजा कालवून त्याच दिवशी संपवावा. विक्रीसाठी उत्पादन करायचे झाल्यास सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार परवाना लागतो.