दोन भाषा, दोन वाटा

लिपि हाताशीं असली म्हणजे भाषा लिहिली जातेच, असें नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा व भूतानांतील झोंगखा यांचा इतिहास याची साक्ष देतो. दोहोंतहि आवाजाच्या चढउतारानें शब्दाचा अर्थ पालटतो; परंतु त्या कागदावर आल्या त्या निरनिराळ्या वाटांनीं.

अजाई हा योरुबा मुलगा १८२१ सालीं गुलामांचा व्यापार करणाऱ्यांच्या हातीं सांपडला. पुढच्याच वर्षीं ब्रिटिश आरमारानें त्याला सोडवून सिएरा लिओन येथें उतरविलें. तोच पुढें सॅम्युएल क्राउथर या नांवानें प्रसिद्धीस आला. १८४३ मध्यें त्यानें मातृभाषेचा शब्दसंग्रह छापला. रोमन अक्षरांखालीं टिंबें व वर चढउताराच्या खुणा देण्याची पद्धति हळूहळू रुळली. १८५९ मध्यें अबेओकुटा येथें योरुबा वृत्तपत्रहि निघालें.

भूतानांत तिबेटी लिपि शतकानुशतकें नांदत होती. पण तींत लिहिली जाई ती धर्मग्रंथांची चोके भाषा. झोंग म्हणजे दुर्ग. दुर्गांतून बोलली जाणारी झोंगखा लेखनांत मात्र मागेंच राहिली. १९७१ सालीं ती राष्ट्रभाषा झाली. तरी उच्चारांतून लोपलेलीं अक्षरें विद्यार्थ्यांना आजहि घोकावीं लागतात.

योरुबेची रोमन लेखनपद्धति उच्चारास धरून घडवितां आली; झोंगखेच्या लिपीवर वडील भाषेचा हक्क आधींच बसला होता. लिपि लाभणें निराळें, आणि तिच्यावर बोलणाऱ्यांचा अधिकार चालणें निराळें.