रतिबाचे दूध

बडोद्यात दांडिया बाजारात आमचे घर होते. सन १९७५ च्या सुमारास पहाटे सायकलची घंटा वाजली, की आई पातेले घेऊन दारी येई. दूधवाले रबारीकाका माप भरून ओतीत आणि वर थोडी धार सोडीत. खाडे दिनदर्शिकेवर मांडले जात; महिनाअखेरीस त्यावरूनच हिशेब होई. कोजागरीचे जादा दूध दोन दिवस आधी सांगावे लागे. पावसाळ्यात दूध पातळ लागले, की आई मराठी वळणाच्या गुजरातीत विचारी, "भाई, पाऊस दुधातही पडला का?" काका हसत, चार दिवस दूध दाट येई.

त्याच काळात, बडोद्याजवळच्या आणंदला निराळाच रतीब रुजला होता. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी मध्यस्थांना दूध नाकारले आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली सहकारी संघ उभारला. १९४९ मध्ये वर्गीस कुरियन आणंदला आले. गावोगावच्या मंडळ्यांत दोन्ही वेळचे दूध मोजून, त्यातील स्निग्धांश तपासून मोल ठरू लागले. १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' योजनेने ही पद्धत देशभर नेण्यास आरंभ झाला.

पुढे आमच्याकडे पिशवीतले दूध आले आणि सायकलची घंटा थांबली. तिची आठवण आजही व्याकूळ करते. मात्र एक कबुली द्यावयास हवी. आम्ही दुधातले पाणी वर्षानुवर्षे पारखले. दूध काढणाऱ्याच्या हाती काय पडते, हे एकदाही विचारले नाही. तो प्रश्न आणंदच्या शेतकऱ्यांनी स्वतःच विचारला.