फरशीखालची ऊब आणि विजेचा तपासनीस

माळव्याची थंडी म्हणजे काय, हे मुंबईकडून आलेल्या माणसाला पौष महिना उजाडल्यावाचून कळत नाही. बागली हे गाव माळव्याच्या पठाराच्या दक्षिणेस, विंध्याच्या कडेला वसलेले आहे. येथे पहाटे उघड्या फरशीवर पाऊल ठेवावयाचे म्हणजे मनाचा थोडा निग्रहच करावा लागतो. गेल्या हिवाळ्यात येथील एका स्नेह्यांच्या नव्या घरी जाण्याचा योग आला. दारात वहाणा काढून आत गेलो, तो काय, पायाखालची फरशी चक्क कोमट! लाद्यांखाली विजेची तार पसरली आहे, असे यजमानांनी मोठ्या कौतुकाने सांगितले. मास्तरकीची खोड सहसा जात नाही. मी विचारले, "याची तपासणी कोणी केली?" उत्तर आले, "वायरमनने बटण दाबून दाखविले की!" त्या उत्तराने मला थोडे इतिहासात डोकावावयास लावले.

पायाखालून ऊब घेण्याची कल्पना फार जुनी आहे. रोमन लोक स्नानगृहांची जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उभारीत आणि खालच्या पोकळीतून भट्टीची धग फिरवीत. ही पोकळी २ फुटांची असावी, असे व्हिट्रुव्हियस या स्थापत्यकाराने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. काश्मिरात आजही दगडी लाद्यांखाली लाकडे पेटवून हमाम तापवितात. आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात, मांडूच्या राजवाड्यांच्या आवारात, सुलतानांचा हमामखाना उभा आहे. त्याच्या छतातील चांदण्यांच्या आकाराची भोके पाहावयास प्रवासी थांबतात. गरम आणि गार अशा दोन्ही पाण्यांची सोय तेथे होती. या साऱ्या व्यवस्थांत एक गुण समान होता. काही बिघडले की धूर होई, डोळे चुरचुरत, घरात बोंब उठे. आपल्या आजीचा तांब्याचा बंबसुद्धा रुसला की आधी धूर ओकी. विजेचे तसे नाही. कोब्यात पुरलेल्या तारेचे वेष्टण एखाद्या जागी खरचटले, तर ना धूर ना आवाज. ओल्या पायांनी न्हाणीघरात शिरलेल्या माणसालाच काय ती वार्ता लागते.

ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानात लौकर आली होती. हिंदुस्थानात विजेसंबंधीचा पहिला कायदा १८८७ साली झाला. त्या वेळी विजेचे दिवे देशात अगदी मोजक्या ठिकाणी होते. परंतु वीज विकावी कशी, दर काय घ्यावा, याची चिंता त्या कायद्याला मुख्यत्वे नव्हती. विजेच्या वापरापासून माणसांना व मालमत्तेला इजा पोहोचू नये, हा त्याचा घोषित हेतू होता. पुढे १९०३ साली दुसरा कायदा आला. वेष्टणाची मजबुती मोजणाऱ्या यंत्राला 'मेगर' हे नाव इंग्लंडात मिळाले तेही त्याच वर्षी. त्यानंतर १९१० चा कायदा झाला. त्याने सरकारला विद्युत निरीक्षक नेमण्याचा अधिकार दिला.

मात्र हा निरीक्षक ब्रिटिश मुलखापुरता. संस्थानांच्या शिवेवर त्याचा हुकूम थांबे. बागली ही तेव्हा शिंदे सरकारच्या मांडलिक राठोड ठाकुरांची जहागीर होती, आणि शेजारचे देवास तर एकाच गावात दोन गाद्या मांडून बसले होते, पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती. या थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांनी १९२१ साली खाजगी चिटणीस म्हणून कोणाला आणावे? ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराला! केंब्रिजला ग्रीक-लॅटिन शिकलेल्या या गृहस्थाकडे बागा, मोटारी आणि पाहुण्यांचा बंगला यांच्याबरोबर संस्थानाचे वीजघरही देखरेखीसाठी आले. त्या दिवसांच्या आठवणी त्याने १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या नावाने प्रसिद्ध केल्या. पुस्तक गोड आहे. पण राजवाड्यातील तारांची परीक्षा साहित्यिकाच्या भरवशावर असावी, याचे हसू येते तसे थोडे भयही वाटते.

१९४८ साली ही सारी संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. १९५६ साली मध्यप्रदेश राज्य जन्मास आले, आणि त्याच वर्षी भारतीय विद्युत नियमही झाले. जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे आणि चालू जोडणीची फेरतपासणी फार तर ५ वर्षांच्या अंतराने व्हावी, असे त्या नियमांत होते. पुढे २००३ च्या कायद्याने १९१० चा कायदा रद्द केला. २०१० साली नवे सुरक्षा-विनियम आले, आणि अलीकडे पुष्कळशा लहान जोडण्यांबाबत मालकाने स्वतःच दाखला द्यावा, अशी वाट मोकळी झाली आहे. घरोघर हिंडण्याइतके निरीक्षक सरकारजवळ नाहीत, हे खरे. परंतु बटण दाबून पाहण्यालाच तपासणी समजणारा मालक दाखला देणार तो कशाच्या आधारावर, हे मला उलगडत नाही.

फरशीखालच्या तारेची परीक्षा तशी अवघड नाही, मात्र ती वेळेवर व्हावी लागते. तार अंथरण्यापूर्वी एकदा, अंथरल्यावर पण कोबा घालण्यापूर्वी दुसऱ्यांदा, आणि लाद्या बसल्यावर तिसऱ्यांदा मोजमाप घ्यावयाचे. तार १५०० वॅटची व दाब २३० व्होल्टचा असेल, तर रोध सुमारे ३५ ओहम भरला पाहिजे. तो अनंत दाखविला तर तार तुटली. फारच कमी दाखविला तर आत कोठेतरी दोन टोके भिडली. मग मेगरने ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन तार व जमीन यांमधील वेष्टण पाहावयाचे. ते निदान १ मेगओहम तरी भरावे. शिवाय गळती ३० मिलिअँपिअरवर जाताच प्रवाह तोडणारी कळ हवी, आणि अर्थिंग तर हवेच हवे. साधा फ्यूज येथे उपयोगाचा नाही. माणसाचा जीव घ्यावयास पुरेसा प्रवाह फ्यूजच्या खिजगणतीतही नसतो.

मी हे सारे बोललो तेव्हा स्नेही प्रथम हसले. तथापि त्यांच्या पत्नीने हट्ट धरला, आणि आठवड्याने देवासहून परवानाधारक मिस्त्री मेगर घेऊन आला. दिवाणखान्याची तार निर्दोष निघाली. न्हाणीघराची तार ३५ ओहमच्या जवळपास दाखवीत होती, म्हणजे तापत ती बरोबर होती. पण मेगरचा काटा अर्ध्या मेगओहमलाही पोहोचेना. गळती तोडणारी कळ तर बसविलेलीच नव्हती. त्या घरात दोन लहान मुले आहेत. मिस्त्रीने न्हाणीघराची तार तेथल्या तेथे सोडविली. कोब्याखाली दोष नेमका कोठे आहे आणि कोणत्या लाद्या उखडावयाच्या, याचा खल अद्याप चालू आहे, आणि तोवर न्हाणीघराची फरशी गारच आहे.